कलंकाची सरकारी वहिवाट

एचआयव्हीबाधित कुटुंबाला गावाने वाळीत टाकल्याची किंवा बाधित मुलांना शाळेने दारातूनच परत पाठवल्याची बातमी आली की तिचे स्पष्टीकरण आपल्याकडे तयार असते: लोकांना माहिती नाही. स्पष्टीकरण ठरलेले असल्याने उपायही ठरलेला असतो. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, प्रभातफेरी निघते, चौकात पथनाट्य होते, शाळांत घोषवाक्यांची स्पर्धा होते. हे स्पष्टीकरण खोटे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीविषयी पुरेशी आणि बिनचूक माहिती देशातल्या फक्त २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना असल्याचे दिसले. पस्तीस वर्षांच्या प्रचारानंतरचे हे आकडे आहेत. तरीही या रोगाचा आपल्याकडचा इतिहास क्रमाने वाचला तर अज्ञानाचे कारण अपुरे पडते. बाधितांना माणसांतून उठवण्याचे पहिले मोठे प्रयोग अडाणी शेजाऱ्यांनी केलेले नाहीत. ते डॉक्टर, सचिव, आमदार आणि पोलीस अधिकाऱ्यांनी केले, आणि तेही रीतसर कायदा करून, सही-शिक्क्यानिशी. कलंक समाजात आधीपासून होता हे खरे, पण त्याला वहिवाटीचा हक्क सरकारदरबारी मिळाला, असे माझे म्हणणे आहे.

त्याचा सर्वांत ठळक पुरावा गोव्यात आहे. गोवा, दमण आणि दीवच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात लवकरच एक दुरुस्ती झाली आणि एचआयव्ही आढळलेल्या माणसाला सक्तीने वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. १९८९ च्या फेब्रुवारीत पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणावर हे कलम चालवले गेले. तो नेमाने रक्तदान करणारा होता. दान केलेल्या रक्तात विषाणू सापडला, ही गोष्ट यंत्रणेला कळली, पोलिसांना कळली. त्याला मात्र कोणी सांगितली नव्हती. म्हापशाच्या पोलीस ठाण्यात बोलावून त्याला ताब्यात घेतले गेले आणि क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका इमारतीत पहाऱ्यात ठेवले गेले. तो तिथे ६४ दिवस होता. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली आणि अंतरिम आदेशाने तो बाहेर आला. पण अंतिम निकालात न्यायालयाने कलम वैध ठरवले. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर समाजाचे हित वरचढ, आणि ते कशात आहे हे आरोग्ययंत्रणेला अधिक कळते, असा त्या निकालाचा आशय होता. वेगळे ठेवण्याची सक्ती पुढे सैल होऊन अधिकाऱ्याच्या विवेकावर आली, एवढाच काय तो बदल. डॉमिनिकने नंतर मित्रांसोबत ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात तो वारला.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. विषाणूचा शोध १९८३ चा, रक्ताची चाचणी १९८५ ची. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने हा रोग पसरत नाही, हे १९८९ पर्यंत वैद्यकाला पक्के माहीत झाले होते. १९८८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने बाधितांशी भेदभाव करू नये असा ठराव केला होता. म्हणजे डॉमिनिकला कोंडणाऱ्यांकडे माहिती नव्हती असे म्हणायची सोय नाही. माहिती असूनही त्यांनी जे केले ते का केले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

१८६८ साली ब्रिटिश सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याचा हेतू गोऱ्या सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्याचा. कायद्याने वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, ठरावीक मुदतीने शरीरतपासणी आणि रोग आढळल्यास बंदिस्त इस्पितळात डांबणे सक्तीचे केले. या इस्पितळांना ‘लॉक हॉस्पिटल’ म्हणत. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला, दोन वर्षांत गुंडाळला गेला, १८८० साली पुन्हा आणला गेला आणि १८८८ साली रद्द झाला. त्याच्या अपयशाचे कारण त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होते: स्त्रिया नोंदणी चुकवत, वस्ती बदलत, शहर सोडून जात. पण या कायद्याची खरी गंमत त्याच्या रचनेतच होती. तपासणी स्त्रीची, कोठडी स्त्रीला आणि बचाव पुरुषाचा. ज्या सैनिकाकडून ती आजारी पडली, तो नोंदवहीत कुठेच येत नव्हता. रोग कोणाच्या अंगात आहे, यापेक्षा कोणाला तपासणे सोपे आहे यावर रोगाचा मालक ठरत होता. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली मला इथे दिसते.

महारोगाचीही तीच गत झाली. १८९० साली मुंबईत माटुंग्याला महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर महारोग्यांचा आश्रम सुरू झाला. रस्त्यावर भीक मागणारे रोगी शहराच्या डोळ्यांआड जावेत, ही मागणी त्यामागे होती. १८९८ च्या कायद्याने पकडून आश्रमात ठेवायचे ते रोगी म्हणजे ज्यांना उपजीविकेचे साधन नाही असे. घरदार असलेला महारोगी घरीच राहू शकत होता. जंतू तोच, पण कायद्याचा हात गरिबाच्या मानगुटीवर. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९७ साली, प्लेगसाठी साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली घराघरांत झडत्या झाल्या. तो इतिहास मराठी वाचकाला सांगायला नको. एवढीच आठवण पुरे, की त्या झडत्यांमुळे लोक रोगी दडवू लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी जी सक्ती, तिनेच साथ लपवली. तरी १९८० च्या दशकात नवा रोग आला तेव्हा सरकारी कपाटातून जे हत्यार बाहेर काढले गेले ते हेच.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ सालची, मद्रासची. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची तपासणी झाली आणि काही नमुन्यांत विषाणू सापडला. या संशोधनाचे मोल मोठे आहे, त्यात वाद नाही. पण नमुने कोणाचे होते? वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे. त्या कोठडीत होत्या म्हणून हाताशी होत्या. तपासले त्यांना, सापडला त्यांच्यात, आणि देशभर बातमी अशी पसरली की रोग त्यांच्यामुळे आला. त्याच सुमारास आफ्रिकी विद्यार्थ्यांची सक्तीने चाचणी होऊन अनेकांना परत पाठवण्यात आले. १९८८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक ए. एस. पेंटल यांनी परदेशी माणसांशी शरीरसंबंध ठेवण्यावर कायद्याने बंदी घालावी अशी सूचना केली. हे विधान नाक्यावरच्या एखाद्या उडाणटप्पूचे नव्हे, देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सर्वोच्च पदावरच्या शास्त्रज्ञाचे आहे. १९८९ साली राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक मांडले गेले, त्यातही सक्तीची चाचणी आणि विलगीकरण होतेच. विरोध झाल्यावर ते मागे घेतले गेले.

मुंबईत या दृष्टीचे प्रात्यक्षिक दोनदा झाले. १९९० साली शेकडो तमिळ स्त्रियांना मुंबईच्या कुंटणखान्यांतून काढून खास गाडीने मद्रासला नेण्यात आले. गाडीला नाव दिले होते ‘मुक्ती एक्स्प्रेस’. मुक्तीनंतर त्यांना सुधारगृहांत ठेवले गेले आणि त्यांचे रक्त तपासले गेले. १९९६ च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यावर मोठी धाड पडून चारशेहून अधिक मुली-स्त्रिया ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच नेपाळी होत्या आणि त्यांना परत घेण्याबाबत नेपाळ सरकारने जी टाळाटाळ केली तिच्यामागे एचआयव्हीची धास्ती होती. दोन्ही वेळा हेतू सुटकेचा सांगितला गेला, आणि तो काहींच्या मनात प्रामाणिकही असेल. पण त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची एखादी एक्स्प्रेस कधी निघाल्याचे ऐकिवात नाही.

गिऱ्हाइके घरी परतत होती. ती घरी काय घेऊन जात होती, याचा पुरावा १९९७ साली पुण्याहून आला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पुण्याच्या गुप्तरोग उपचार केंद्रांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेक विवाहित, बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नाही. उपचार केंद्रात आलेल्या स्त्रियांचा हा आकडा सगळ्या समाजाला लावता येत नाही, हे मान्य. तरी त्याने एक गोष्ट उघड केली: ‘धोक्याचे गट’ अशी जी यादी प्रचाराने लोकांच्या मनावर ठसवली होती तिच्यात संसारी बाई नव्हती, म्हणून तिला आपल्याला धोका आहे हे कळायचा मार्गच नव्हता. पुढे गर्भवतींची चाचणी सुरू झाली. आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी ती हवीच होती, आणि तिने असंख्य बाळे वाचली. पण तिचा एक परिणाम असा झाला की घरात सर्वांत आधी सुनेचा अहवाल येऊ लागला. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते, किंवा तो करूनच घेत नाही. मग ‘हिनेच आणला’ असा निवाडा होतो. नवरा वारला की तीच पांढऱ्या पायाची ठरते, सासरचा आसरा जातो, जमिनीतला वाटाही जातो. लॉक हॉस्पिटलचा नियम इथे घरच्या ओसरीवर येऊन बसलेला आहे: जिला तपासले, रोग तिचा.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. त्या काळी औषध नव्हते. रोग झाला म्हणजे मरण, हे डोळ्यांसमोर दिसत होते. अशा वेळी सरकारने लाखो निरोगी लोकांचा विचार करून थोड्यांना वेगळे ठेवले तर त्यात कलंक लावण्याचा हेतू कसा शोधता? शिवाय क्यूबाचे उदाहरण आहे. त्या देशाने १९८६ पासून बाधितांना सक्तीने आरोग्यधामांत ठेवले आणि तिथे लागणीचे प्रमाण फार कमी राहिले. क्यूबा नीट पाहिला तर मात्र युक्तिवाद उलटतो. लहान बेट, जवळपास सगळ्या प्रौढांची चाचणी, आरोग्यधामात राहणाऱ्याला पूर्ण पगार, चांगले जेवण आणि त्या वेळी उपलब्ध असलेला उपचार, एवढा डोलारा त्यासाठी लागला. आणि तोही क्यूबाने १९९३ नंतर सोडून दिला. गोव्यात यातले काय होते? रक्तपेढीत योगायोगाने सापडलेला एक माणूस आणि त्याच्या दारावर पोलीस. प्लेगचा रोगी काही दिवसांत बरा होतो किंवा दगावतो, त्यामुळे त्याला वेगळे ठेवण्याला निदान मुदत असते. एचआयव्हीबाधित माणूस औषधाविनाही वर्षानुवर्षे हिंडता-फिरता असतो. त्याला रोगाच्या मुदतीपर्यंत कोंडायचे म्हणजे जन्मठेपच. आणि एकाला कोंडलेले पाहिल्यावर दुसरा चाचणीला येईल कशाला? ज्याची चाचणी झाली नाही त्याच्याकडून लागण होत राहते, हे समजायला वैद्यकाचे शिक्षण लागत नाही.

सक्तीखेरीज दुसरा मार्ग होता का? होता, आणि तो त्याच वर्षांत चालून दाखवला गेला. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ साली सुरू केलेल्या कामात त्या वस्तीतल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका नेमले. त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ने काम सुरू केले आणि १९९६ साली तिथल्या स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली. निरोध वाटणे, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावणे, आजारी बाईला दवाखान्यात नेणे, पोलिसांशी भांडणे, ही सगळी कामे त्या स्वतः करू लागल्या. मुंबईत नव्वदीच्या दशकात वेश्याव्यवसायातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळत होत्या. सोनागाछीत ते प्रमाण त्या मानाने फार कमी राहिले. दोन शहरांत इतरही फरक होते, त्यामुळे सगळे श्रेय एकाच गोष्टीला देणे धाडसाचे होईल. पण धाडी घालून मुंबईत लागण कमी झाल्याचा पुरावा कोणी दाखवलेला नाही, हे तरी नक्की.

न्यायालयांनाही वळायला वेळ लागला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका बाधित कामगाराच्या खटल्यात निकाल दिला की माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून सार्वजनिक उपक्रमाला त्याला कामावरून दूर ठेवता येणार नाही. त्या खटल्यात नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभा मिळाली, म्हणून तो निकाल आजही आद्याक्षरांनीच ओळखला जातो. न्याय मिळवण्यासाठी नाव झाकावे लागणे, यातच त्या काळाचे वर्णन आले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका डॉक्टरच्या प्रकरणात, इस्पितळाने त्याची बाधा उघड केली यात गैर काही नाही असे सांगताना, अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असल्याचे म्हटले. हा भाग २००२ साली त्याच न्यायालयाला मागे घ्यावा लागला. इथे दुसरा रास्त आक्षेप येतो: जोडीदाराला कळण्याचा हक्क नाही का? आहेच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो मान्य केला आहे, पण शिस्तीने. आधी समुपदेशन, बाधित माणसाला स्वतःहून सांगण्याची संधी, आणि तो सांगणार नाही अशी खात्री झाल्यावरच डॉक्टरने त्याला कल्पना देऊन जोडीदाराला सांगणे. त्यातही, सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल तर सांगायचे नाही. गोव्यात मात्र विवाहपूर्व चाचणी सक्तीची करण्याची कल्पना वेगवेगळ्या सरकारांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येत राहिली आहे. लागण लग्नानंतरही होऊ शकते, ही साधी गोष्ट त्या कल्पनेत बसत नाही.

कोणी म्हणेल, सगळे खापर सरकारवर का? सोवळे-ओवळे, शिवाशिव, बाईच्या चारित्र्याची चौकशी, हे तर आपल्या घरातलेच. मान्य आहे. सरकारने कलंक शून्यातून निर्माण केला, असे मला म्हणायचे नाही. पण जुन्या विटाळाला विज्ञानाचा दाखला मिळाला की तो फार टणक होतो. प्रचारानेही त्याला हातभार लावला. सुरुवातीच्या भित्तीपत्रकांवर कवट्या आणि सांगाडे होते. मुंबईत २००२ च्या अखेरीस गाजलेली ‘बलबीर पाशा’ ही एड्सविषयीची जाहिरातमोहीम कौशल्याने केलेली होती, तिने लोकांना बोलते केले, हेही खरे, पण तिच्यात रोगाचा पत्ता अखेर वेश्येच्या घराचाच निघाला, असा आक्षेप स्त्री-संघटनांनी घेतला तो योग्यच होता. माहिती मिळत होती, पण तिच्या पोटात जुनाच निवाडा होता. म्हणूनच ज्यांच्याकडे सर्वाधिक माहिती त्या दवाखान्यांतही शस्त्रक्रिया टाळणे, केसपेपरवर लाल अक्षरांत लिहिणे, खाटेवर पाटी लावणे हे प्रकार चालत आले. डॉक्टरला शाळकरी पोराइतके तरी एचआयव्हीविषयी नक्कीच कळते. तिथे पथनाट्य कोणते करणार?

दरम्यान वैद्यक पुष्कळ पुढे गेले आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रांत औषध मोफत मिळते. २०११ साली जाहीर झालेल्या १,७६३ जोडप्यांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने, जिच्यात पुण्याचेही केंद्र होते, वेळेवर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते असे दाखवले. नेमाने गोळ्या घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. देशात सुमारे २५ लाख बाधित आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे.

आणि कायदा? १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या त्याच एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करायला मनाई केली, संमतीशिवाय चाचणीला बंदी केली आणि गोपनीयता बंधनकारक केली. १८६८ पासूनच्या वहिवाटीला कायद्याच्या पुस्तकात प्रथमच पूर्ण छेद बसला. पण वहिवाट कागदाने सुरू झाली म्हणून ती नुसत्या कागदाने मोडत नाही. या कायद्यानुसार शंभर किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या ठिकाणी वीस माणसे असली तरी, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. राज्याला लोकपाल नेमावा लागतो. वाचकांपैकी कोणी कारखान्यात, बँकेत, शाळेत किंवा इस्पितळात काम करत असेल तर त्याने आपल्याकडचा हा तक्रार अधिकारी कोण, हे उद्या कार्यालयात विचारावे. कोणालाच सांगता आले नाही तर नेमणुकीची मागणी लेखी द्यावी, आणि तिची पोच घ्यावी.